जत्रेतला दशावतार लाइव्ह दाखवायचाय, सव्वा लाखात काय बसेल?

तिठ्यावरचा
मंडळी, सल्ला हवाय. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. मार्गशीर्षात जत्रा असते. पालखी फिरून झाली की रात्री साडेबारा-एकच्या सुमाराला दशावतार उभा राहतो, तो उजाडता दहीकाल्यापर्यंत. अर्धं गाव मुंबईत, काही जण आखातात. गेल्या जत्रेला एका पोराने स्टँडवर मोबाइल लावून यूट्यूबवर लाइव्ह केलं. लोक आले भरपूर आणि तासाभरात निघूनही गेले. नटांचे चेहरे पांढरेफटक दिसत होते आणि संवाद अजिबात लागत नव्हते.

यंदा देवस्थान कमिटी आणि मुंबई मंडळ मिळून सव्वा लाख देतायत. अट एकच, वस्तू गावाच्या राहिल्या पाहिजेत. म्हणजे भजनस्पर्धा, गणपतीतले कार्यक्रम यांनाही त्या वापरता याव्यात.

माझ्या मनातली यादी: सेकंडहँड मिररलेस (लेन्स बदलता येणारे) कॅमेरे तीन, एक स्विचर (कॅमेरे आलटून-पालटून दाखवणारी पेटी), ३० मीटरच्या एचडीएमआय वायरी तीन. लॅपटॉप माझाच (आय-५, वेगळं ग्राफिक कार्ड नाही). आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून उचलू. रंगमंच साधारण २० फूट रुंद, लोक पुढे जमिनीवर बसतात, त्यांच्या मागे देवळाच्या पायऱ्या. पायऱ्यांपासून रंगमंच १५-१६ मीटर. चुकतंय कुठे ते सांगा.

लग्नशूटवाला
सगळ्यात आधी मिररलेस कापा. १५ मीटरवरून किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) लावलीत तर रंगमंच दिसेल, राजाचा चेहरा नाही. चेहऱ्यापर्यंत पोचणारी भरपूर उजेड घेणारी लांब लेन्स घ्यायला गेलात की तीन कॅमेऱ्यांचं बजेट एकातच संपलं. बऱ्याच जुन्या मिररलेसमध्ये रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबतं. एचडीएमआयमधून चित्र येत राहतं, मान्य, पण पाच तास सलग चालवायला ती यंत्रं बनलेली नाहीत, तापतात.

तुम्हाला हवा हँडीकॅम. हो, तोच जुना, ज्याला आता कोणी विचारत नाही. सोनीचा सीएक्स४०५ घ्या, ३० पट ऑप्टिकल झूम आहे. पॅनासॉनिकच्या व्ही७८५ ला २० पट, आणि त्याला माइकची खाच पण आहे, सोनीच्या त्या मॉडेलला नाही. सेन्सर बारीक असतो, अंधारात चित्रात दाणे येतात. पण दशावताराच्या रंगमंचावर उजेड भरपूर असतो, तिथे चालून जातं. मुंबईत कोणी असेल तर सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात वापरलेले मिळतात. सीलबंद खोक्याच्या मागे लागू नका.

दुकानात एक गोष्ट करायचीच. कॅमेरा टीव्हीला एचडीएमआयने जोडून बघा. पडद्यावर बॅटरीचं चिन्ह, फोकसची चौकट असलं काही दिसलं तर मेनूत ते बंद होतंय का पाहा. होत नसेल तर तो कॅमेरा लाइव्हसाठी बाद. आणि चार्जर लावून सलग चालतो का तेही तिथेच बघा. काही मॉडेल चार्जिंगवर असताना चालूच होत नाहीत, त्यांना डमी बॅटरी घ्यावी लागते.

बोटभर_वायर
कॅमेऱ्यांबद्दल +१. मी वायरीवर येतो, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

साधी तांब्याची एचडीएमआय वायर १० मीटरपर्यंत बिनधास्त, १५ पर्यंत नशीब. ३० मीटरची साधी वायर दुकानात चालेल, जत्रेत ऐन युद्धाच्या वेळी चित्र काळं करेल. ऑप्टिकल एचडीएमआय ३० मीटर सहज जाते, पण तिला दिशा असते. एक टोक कॅमेऱ्याचं, दुसरं स्विचरचं, उलटी टाकलीत तर काही दिसणार नाही. तिच्यावर शेंगदाणेवाल्याची गाडी गेली की संपली, रिपेअर होत नाही. तिसरा मार्ग एसडीआयचा, म्हणजे टीव्हीवाले लांब अंतराला वापरतात ती व्हिडिओची पद्धत. एचडीएमआयचं एसडीआय करणारा छोटा डबा कॅमेऱ्याशी, उलटा डबा स्विचरशी, मध्ये ७५ ओहमची आरजी-६ कोअॅक्स. चांगली वायर असेल तर ५०-६० मीटर डोळे झाकून जाते. तुटली तर जागेवर बीएनसी पिन क्रिंप करता येते. मात्र एका कॅमेऱ्यामागे दोन डबे, खर्च वाढतो.

पण मुळात तीन लांब वायरी लागतातच कशाला? स्विचरचं टेबल देवळाच्या पायऱ्यांवरच मांडा. दोन कॅमेरे तिथेच टेबलाशेजारी. एक सगळा रंगमंच धरून बांधलेला, दुसरा झूम करून माणसामागे फिरणारा. दोघांना तीन-तीन मीटरच्या वायरी पुरतात. फक्त तिसरा, बाजूचा कॅमेरा लांब. म्हणजे लांब वायर एकच, तिलाच एसडीआय करा.

साउंडचेक
तिठ्यावरचा, तुमच्या पोस्टमध्ये आवाजाला एक ओळ मिळाली आहे, 'साउंडवाल्याच्या मिक्सरमधून उचलू'. गेल्या वर्षीचं दुखणं याच ओळीत आहे.

साउंडवाला मिक्स करतो मैदानासाठी. मृदंग आणि झांज मैदानात आपोआपच ऐकू येतात, म्हणून तो त्यांचे माइक खाली ठेवतो. संवादाचे माइक वर. ते 'मेन आउट' तुम्ही यूट्यूबला दिलंत की घरी बसलेल्याला मृदंग डबा वाजवल्यासारखा येतो आणि लढाईत जोरच नाही. म्हणून मेन आउट मागू नका, 'ऑक्झिलरी' (ऑक्स, म्हणजे मिक्सरमधून वेगळा मिक्स बाहेर काढायची वाट) मागा. तोही प्री-फेडर. म्हणजे साउंडवाल्याने मैदानासाठी पट्टी वर-खाली केली तरी तुमचा मिक्स हलत नाही. ८-१२ चॅनलच्या बहुतेक मिक्सरना असा एखादा ऑक्स असतोच, फक्त तो मॉनिटर स्पीकरला दिलेला नाही ना ते बघा. साउंडवाल्याशी जत्रेच्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी बोला. चहा पाजून बोला.

दुसरं, घरघर. साउंडवाला एका फेजवर, तुम्ही दुसऱ्या, मध्ये लाइटचे डिमर. दोन्ही मिक्सर वायरीने जोडले की ५० हर्ट्झची घूंऽऽ सुरू. कोणीतरी सांगेल अर्थिंगची पिन काढून टाक, घरघर जाते. ते करू नका, मंडपातली ओली जमीन आणि लोखंडी खांब लक्षात घ्या, जीव जाईल. ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, हजाराच्या आसपास साधासुधा. तो घ्या आणि तुमच्या टोकाला लावा. साउंडवाल्यापासून पायऱ्यांपर्यंत वायर एक्सएलआरची, बॅलन्स्ड. मोबाइलच्या इअरफोनसारखी ३.५ मिमीची २० मीटर वायर ओढू नका, ती वाटेतली प्रत्येक खरखर गोळा करत येते.

तिसरं. फक्त मिक्सरचा आवाज दिला की तो फार कोरडा येतो, स्टुडिओत बसून बोलल्यासारखा. शंकासुर आला की पोरं ओरडतात, तो ओरडा हवाच ना? त्यासाठी प्रेक्षकांकडे तोंड करून एक स्टिरिओ रेकॉर्डर लावा. त्याची लाइन-आउट लाइव्हच्या आवाजात मिसळा, बारीक ठेवा. कार्डावर त्याचं वेगळं रेकॉर्डिंगही होत राहतं, लाइव्ह गडगडलं तर नंतर कामाला येतं.

स्टेजच्या फळीवर बाउंड्री माइक ठेवावा का असं कोणी विचारेलच. नाटकात ठेवतात, चांगला चालतो. दशावतारात नाचत-नाचत लढाई होते, घुंगरं आणि पाय फळीवर आपटतात. ते सगळं माइकात धाडधाड येतं. साउंडवाल्याचे उभे आणि टांगलेले माइक असताना मी तरी त्यात पैसे घालणार नाही.

परळ_ते_पिंगुळी
माका ह्या वायरींतला कायएक कळना नाय. पण गेल्या वर्साक परळात बसान बघी होतंय. राजा काय बोलता ता ऐकाकच येय नाय, नुसती झांज आणि खाज्याच्या दुकानवाल्याची आरड. दशावतारात पोथी नसता, नट थयल्या थय बोलता, ता ऐकूकच आमी जागी रवतंव. चित्र जरा अंधुक आसला तरी चलात, बोलणा ऐकाक येवंक व्हया. साउंडचेकचा ऐक बाबा.

तिठ्यावरचा
काका, ऐकतोय :) साउंडवाल्याला फोन केला. ऑक्स मोकळा आहे म्हणाला, पण 'प्री की पोस्ट' विचारल्यावर शांत झाला. जाऊन बघतो.

आता स्विचर. मित्र म्हणतो लॅपटॉप आहे तर स्विचर कशाला, ओबीएस हे लाइव्हचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पाचशे-हजाराच्या तीन कॅप्चर डोंगल (कॅमेऱ्याचं चित्र यूएसबीने लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या) आण आणि सुरू हो. खरं का?

बोराबाजार
खरं आहे, आणि तरी नको.

ओबीएस उत्तमच आहे. मुक्तस्रोत, फुकट, आणि अक्षरं-पट्ट्या दाखवण्यात साध्या स्विचरपेक्षा सरस. घोळ त्या डोंगलमध्ये. स्वस्त डोंगल खोक्यावर 'फोर-के' लिहितात. चित्र घेतात फोर-के, पुढे देतात १०८०पी, तेही यूएसबी २ वरून एमजेपीईजीत दाबून (कॉम्प्रेस करून). तीन डोंगल एकाच यूएसबी हबला लावलीत तर बँडविड्थ पुरत नाही, तिसरा कॅमेरा येतच नाही. तिन्हींची ओळख सारखीच असल्याने लॅपटॉप रीस्टार्ट केला की ओबीएसमध्ये एक नंबरचा कॅमेरा तीनवर जाऊन बसतो. रात्री दोन वाजता हे निस्तरायचं का? शिवाय तुमच्या आय-५ ने तीन चित्रं उघडायची, मिसळायची, परत दाबून यूट्यूबला पाठवायची. क्विकसिंक (इंटेलच्या चिपमधलीच व्हिडिओ दाबायची सोय) चालू केलंत तर जमेल, पण अख्खा कार्यक्रम एका विंडोज अपडेटवर टांगलेला.

म्हणून वेगळा स्विचर. या बजेटमध्ये ब्लॅकमॅजिकची एटीईएम मिनी मालिका सरळ बसते. साधी मिनी २०१९ ची. चार एचडीएमआय आत, एक बाहेर, यूएसबीवर वेबकॅमसारखं चित्र, ३.५ मिमीच्या दोन ऑडिओ खाचा. तिच्यात सगळे कॅमेरे एकदम बघायची सोय नाही, म्हणजे दोन नंबरवर काय चाललंय ते त्यावर जाईपर्यंत कळत नाही. एकटा माणूस कापणार (कॅमेरे बदलणार) असेल तर हे फार नडतं. २०२० ची मिनी प्रो घ्या. तिच्या एचडीएमआय आउटवर मल्टिव्ह्यू (सगळे कॅमेरे एकाच पडद्यावर) येतो, गावातला कुठलाही जुना टीव्ही लावा. इथरनेटची वायर थेट तिला जोडून ती स्वतःच यूट्यूबला पाठवते, आणि यूएसबीला एसएसडी लावली की रेकॉर्डही करते. एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली चालते. लॅपटॉप फक्त सेटिंगपुरता. प्रो आयएसओ प्रत्येक कॅमेरा वेगळा रेकॉर्ड करते, तुम्हाला तिची गरज नाही.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. ही पेटी ऑटोवर असेल तर पहिला जो कॅमेरा जोडाल त्याचाच फॉरमॅट अख्ख्या शोचा होतो. आधी मोबाइल किंवा अमेरिकी सेटिंगचा कॅमेरा लावलात की सगळं ६० वर. हाताने १०८०पी२५ किंवा ५० (सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम) करून ठेवा.

लग्नशूटवाला
२५/५० का तेही सांगा त्यांना, नाहीतर परत ३० वर नेतील. आपली वीज ५० हर्ट्झ. कॅमेरा ३० किंवा ६० वर आणि शटर भलतंच असेल तर ट्यूबलाइट, स्वस्त एलईडी पार (स्टेजचे दिवे), सगळं लपलप करतं. कॅमेरे पीएएलवर (२५/५० वाली सेटिंग), शटर १/५० ला बांधून टाका. चिनी एलईडी पार तरीही कधीकधी पट्टे देतात, तेव्हा शटर किंचित इकडेतिकडे करून बघायचं.

आणि चेहरे पांढरेफटक का झाले ते आता ऐका. मागे काळा किंवा गडद पडदा, पुढे मुर्दाडशिंगाचा रंग लावलेला लखलखीत चेहरा. ऑटो एक्सपोजरला पडदाच मोठा दिसतो, तो उजेड वाढवत जातो आणि चेहरा जळतो. एक्सपोजर मॅन्युअल करा, चेहऱ्याकडे बघून. मागचा पडदा काळा होऊ दे, त्याला बघायला कोणी आलेलं नाही. व्हाइट बॅलन्स तिन्ही कॅमेऱ्यांवर एकाच पांढऱ्या कागदावर धरून लॉक करा. हॅलोजन असेल तर ३२०० केल्व्हिनच्या आसपास येईल. एवढं केलंत तर वेगवेगळ्या कंपन्यांचे हँडीकॅमही बऱ्यापैकी जुळतात.

कापण्याबद्दलही थोडं. लिखित संहिता नाही, तालीम नाही, पुढे कोण बोलणार ते नटांनाच ठाऊक नसतं. म्हणून दर वाक्याला कापत बसू नका. बाकड्यावर बसलेला राजा मधल्या फ्रेममध्ये धरा, प्रवेश होताना रुंद फ्रेम, लढाई पूर्णपणे रुंदमध्येच. लढाईत क्लोजअप मारणारे पोरगे मला समजत नाहीत. पाय दिसले पाहिजेत! तिसरा कॅमेरा पेटी-मृदंगावर ठेवा. चाल सुरू झाली की तिकडे, परत या.

साउंडचेक
चित्र स्विचरमधून येताना दोन-तीन फ्रेम मागे राहतं. २५ च्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंद, म्हणजे ८० ते १२० मिलिसेकंद. मिक्सरचा आवाज मात्र वायरीने तत्काळ येतो. ओठ मागून हलताना दिसतात, बघणाऱ्याला नेमकं काय बिनसलंय ते कळत नाही पण त्रास होतो. एटीईएमच्या सॉफ्टवेअरमध्ये ३.५ मिमीच्या आवाजाला फ्रेमच्या मापाने उशीर लावता येतो. जत्रेआधी झांजवाल्याला कॅमेऱ्यासमोर उभा करा, एक ठोका, रेकॉर्ड करून फ्रेम-फ्रेम बघा, तेवढा उशीर लावा.

बाहेर लावलेल्या त्या रेकॉर्डरचा आवाज मात्र हवेतून जाऊन आलेला असतो. १५ मीटरला ४४ मिलिसेकंद म्हणजे जवळपास एक फ्रेम आधीच उशिरा. त्याला स्विचरच्या वेगळ्या खाचेत द्या आणि उशीर एक फ्रेम कमी ठेवा.

मस्कत_मालवण
बघणाऱ्याच्या बाजूने सांगतो. आम्ही कामावरून येऊन मोबाइलवर बघतो. १०८०पी चा आग्रह सोडा, ७२०पी अखंड चालू राहिलं तर पाय धरू. गेल्या वर्षी दर पाच मिनिटांनी गोल फिरत होतं.

बोटभर_वायर
याचं कारण टॉवर. जत्रेच्या रात्री हजारो फोन एकाच टॉवरवर, दुपारी केलेली स्पीड टेस्ट रात्री बाराला कामाची नाही. सिमवर अवलंबूच राहू नका. देवळाजवळ कोणाच्या घरी फायबर असेल, ग्रामपंचायतीत असेल, तिथून कॅट-६ वायर ओढा. १०० मीटरपर्यंत मधे काही लागत नाही. सिम फक्त राखीव म्हणून.

७२०पी ला ३ एमबीपीएस पुरतात. पाच तासांचे साधारण पावणेसात जीबी होतात. अपलोड किमान दुप्पट, म्हणजे ६ एमबीपीएस स्थिर मिळतंय का तेवढं पाहा. डाउनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका. त्या घरातल्या राउटरलाही यूपीएस हवा, लोक हे हमखास विसरतात. जनरेटर बदलताना सेकंदभर लाइट जाते, राउटर उठायला पाच मिनिटं घेतो.

चॅनल नवा असेल तर लाइव्हची परवानगी २४ तास आधी चालू करून ठेवा, त्या रात्री बटण दाबून मिळत नाही.

कायदेआजी
सगळे वायरीत अडकलेत म्हणून विचारते, दशावतार कंपनीची लेखी संमती घेतली का? 'संहिता नाही तर कॉपीराइट कुठला' असं वाटत असेल तर थांबा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा स्वतंत्र हक्क आहे, कलम ३८. कलाकाराच्या व्याख्येत नट, गायक, वादक तर आहेतच, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारासुद्धा आहे. दशावतारी नट त्यात अर्थातच आला. त्याचा प्रयोग परवानगीशिवाय रेकॉर्ड किंवा प्रसारित करता येत नाही. कंपनीचं पोट जत्रांच्या सुपाऱ्यांवर असतं. काही कंपन्या म्हणतील लाइव्ह करा पण नंतर काढून टाका, काही मानधन वाढवून मागतील. सुपारी ठरवतानाच बोला आणि कागदावर घ्या.

नाटक सुरू व्हायच्या आधी साउंडवाला सिनेमाची गाणी लावतो. ती लाइव्हमध्ये गेली तर यूट्यूब प्रक्षेपण मध्येच थांबवू शकतं. पडद्यामागे नांदी सुरू होईपर्यंत तुमचा आवाज शून्यावर ठेवा.

तिठ्यावरचा
आजी, हे डोक्यातच नव्हतं. कंपनीच्या मालकांशी बोललो. लाइव्हला हो म्हणाले, रेकॉर्डिंग महिनाभर ठेवून काढायचं, आणि कंपनीचं नाव-नंबर पडद्यावर ठेवायचा. कागद करतोय. साउंडवाल्याचा ऑक्स निघाला पोस्ट-फेडर, पण मिक्सरवर दाबायचं बटण आहे, प्री होतो.

कोटेशन घेऊन बसवलेली यादी अशी. मिनी प्रो ३५ हजार. वापरलेले हँडीकॅम दोन, मिळून ३०. तिसरा कॅमेरा गावातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून त्या रात्रीपुरता, माणसासकट, त्याचे पैसे जत्रेच्या खर्चातून. फ्लुइड हेडचे (झटके न देता फिरणारे) ट्रायपॉड दोन, १२. एसडीआयचे डबे, कोअॅक्स, कॅट-६, एक्सएलआर मिळून १०. आवाजाला २२, त्यात छोटा चार माइकचा मिक्सर, स्टिरिओ रेकॉर्डर, ट्रान्सफॉर्मर, दोन बंद हेडफोन. एसएसडी, यूपीएस, पेट्या, टेप १४. एक लाख तेवीस हजार.

लग्नशूटवाला
ट्रायपॉडवर कंजुषी केली नाहीत, बरं वाटलं. सहा हजाराचा ट्रायपॉड पण ३० पट झूमवर थरथरतोच, पायांना वाळूच्या पिशव्या बांधा. टेप म्हणजे कापडी गॅफर, चिकटपट्टी नव्हे. ती दवाने सुटते.

बोराबाजार
मल्टिव्ह्यूच्या टीव्हीचा विचार केलात का? एचडीएमआय असलेला कुठलाही चालेल, पण मागून कनातीने झाका, नाहीतर अर्धं पब्लिक रंगमंच सोडून टीव्हीकडे तोंड करून बसतं.

परळ_ते_पिंगुळी
दोन हेडफोन कित्या? येक कोणाचो?

साउंडचेक
काका, एक कापणाऱ्याचा, एक आवाजाकडे बसणाऱ्याचा. दोन माणसं वेगळी हवीत. चित्र कापणारा आवाज ऐकत नसतो, त्याच्या कानात फक्त कॅमेरावाल्यांशी चालू ठेवलेला फोन असतो. आवाजाकडचा माणूस भजनात पेटी वाजवणारा कोणी निवडा. मृदंग दबला की त्याला आपसूक कळेल, इंजिनिअर असायची गरज नाही.

तिठ्यावरचा
पेटी वाजवणारा आमचा एकच आहे आणि तो जत्रेत खाज्याचा स्टॉल लावतो. बघतो, त्याच्या भावाला स्टॉलवर बसवतो.

मस्कत_मालवण
लिंक इथेच टाक रे. आणि नाटकाचं आख्यान कुठलं ते कळलं की सांग, रजा त्याप्रमाणे टाकतो.